पडद्याची चौकट आणि बाहुलीकाराचा हात

बाहुल्यांचा खेळ हजारो वर्षांचा आहे आणि दूरचित्रवाणी जेमतेम शंभर वर्षांची आहे. या दोन माध्यमांची गाठ पडल्यावर जुन्या कलेचे काय होते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत ठळकपणे पुढे आला. 1947 मध्ये सुरू झालेल्या ‘हाउडी डूडी’ या कार्यक्रमात दोऱ्यांवर चालणारी बाहुली होती. त्याच वर्षी शिकागोत बर टिलस्ट्रॉम यांनी ‘कुक्ला, फ्रॅन अँड ऑली’ सुरू केला. त्यात हातात घालायच्या बाहुल्या एका छोट्या मंचामागून डोकावत आणि फ्रॅन अ‍ॅलिसन मंचापुढे उभ्या राहून त्यांच्याशी गप्पा मारत. टिलस्ट्रॉम फार मोठे कलावंत होते, आयत्या वेळी संवाद रचण्यात त्यांचा हातखंडा होता. पण मांडणी मात्र चौकातल्या किंवा जत्रेतल्या खेळाचीच राहिली. बाहुलीला लपण्यासाठी आडोसा हवा, आडोशाला कमान हवी, आणि कॅमेऱ्याने पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखे समोर बसून ते टिपायचे. हा आडोसा ज्यांनी काढून टाकला, त्या जिम हेन्सन यांच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीचा हा आढावा आहे. त्यांनी घडवलेल्या पात्रांची लोकप्रियता इतकी मोठी आहे की त्यांचे खरे योगदान तिच्याखाली झाकून जाते. ते योगदान दोन गोष्टींत आहे: पडद्याची चौकट हाच बाहुलीचा रंगमंच मानणे, आणि यंत्र कितीही वाढले तरी त्या क्षणी निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हाताला पहिला मान देणे. त्यांचे यश याच कसोटीवर समजते आणि त्यांचे अपयशही.

हेन्सन यांचा जन्म 24 सप्टेंबर 1936 रोजी मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल इथे झाला. वडील सरकारी कृषितज्ज्ञ होते. कुटुंब पुढे राजधानी वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये आले. घरात दूरचित्रवाणी संच आला तेव्हा या मुलाला ओढ लागली ती त्या नव्या माध्यमाची. बाहुल्या त्याला त्या माध्यमात शिरण्याची वाट म्हणून मिळाल्या. 1954 मध्ये, शाळा संपता संपता, स्थानिक वाहिनीला बाहुल्या हलवणारे हवे होते म्हणून ते तिथे गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे. परंपरेत वाढलेला बाहुलीकार मंच घेऊन कॅमेऱ्यापुढे येतो. हेन्सन यांच्या डोक्यात मंच नव्हताच. मेरीलँड विद्यापीठात गृहविज्ञान शाखेत बाहुल्यांचा एक अभ्यासक्रम होता. तिथे त्यांना जेन नेबेल भेटल्या. पुढे त्यांचा विवाह झाला. 1955 पासून 1961 पर्यंत या दोघांनी वॉशिंग्टनच्या वाहिनीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम केला. त्यात कमान नव्हती, पडदा नव्हता. संचाच्या काचेची खालची कड हीच आडोशाची कड. तिच्याखाली बाहुलीकार, तिच्यावर बाहुली. पात्र कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊ शकत होते, चौकटीच्या कुठल्याही बाजूने आत शिरू शकत होते, एकाएकी खाली बुडू शकत होते. बाहुली रंगमंचावरून उतरून प्रेक्षकाच्या दिवाणखान्यात आली ती इथे.

या बदलातून बाकीचे सगळे बदल आपोआप ओढले गेले. लाकडी चेहरा दहा फुटांवरून शोभतो. कॅमेरा चेहऱ्याला भिडला की त्याचे निर्जीवपण उघडे पडते. म्हणून हेन्सन यांनी कापड आणि स्पंज यांचे मऊ चेहरे घेतले. आतल्या बोटांनी जरा दाब दिला की ओठ मुडपतात, कपाळाला आठी पडते, चेहरा आक्रसतो. आईचा जुना कोट आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्ध एवढ्यातून 1955 मध्ये कर्मिट जन्मला. तेव्हा तो बेडूकही नव्हता. त्याच्या चेहऱ्यात जवळजवळ काहीच नाही, आणि म्हणूनच आतल्या हाताची प्रत्येक हालचाल त्यावर उमटते. बोलतानाचे तंत्रही बदलले. नवखा माणूस बोलताना बाहुलीचे डोके वर उघडतो, तेव्हा तिचे डोळे प्रत्येक शब्दाला छताकडे जातात. हेन्सन यांच्या गटात अंगठा खाली आणून जबडा उघडायचा, म्हणजे नजर जागेवर राहते. 1960 च्या दशकात आलेल्या डॉन साहलिन यांनी डोळे आणि नाक यांचे अंतर आणि बुबुळांची किंचित आत वळलेली ठेवण असे साधले की बाहुली नेमकी आपल्याकडे पाहते असा भास होतो. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे मॉनिटर. बाहुलीकार डोक्यावर हात उंचावून काम करतो आणि खाली ठेवलेल्या छोट्या पडद्यावर प्रेक्षकाला दिसते तेच चित्र पाहतो. ते चित्र आरशासारखे उलटे नसते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की पडद्यावर पात्र डावीकडे जाताना दिसते, आणि ही सवय अंगवळणी पडायला बराच काळ जातो. पण त्याबदली बाहुलीकाराला असे काही मिळते जे रंगमंचावरच्या कुठल्याही नटाला मिळत नाही: स्वतःचा अभिनय करता करता तो प्रेक्षक म्हणून पाहण्याची आणि त्याच क्षणी दुरुस्त करण्याची सोय.

इथे पहिला आक्षेप येतो. या कारकिर्दीचा पाया जाहिरातींवर उभा आहे, तेव्हा तिला कलेची क्रांती म्हणणे योग्य आहे का? वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. 1957 पासून विल्किन्स कॉफीसाठी हेन्सन यांनी काही सेकंदांच्या शंभराहून अधिक जाहिराती केल्या, इतर शहरांतल्या इतर मालासाठी त्याच कल्पना पुन्हा वापरल्या, आणि रोल्फ हा कुत्राही 1962 मध्ये कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठीच घडवला गेला. पण या कामाने काय घडवले तेही पाहायला हवे. आठ-दहा सेकंदांत दोन पात्रांचे स्वभाव, त्यांचे भांडण आणि शेवटचा फटका बसवायचा, तर एकही हालचाल वाया घालवता येत नाही. चौकटीची काटकसर हेन्सन तिथे शिकले. दुसरे म्हणजे पैसा कुठे गेला ते. 1965 मध्ये त्यांनी ‘टाइम पीस’ हा एकही बाहुली नसलेला प्रयोगशील लघुपट केला, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. 1969 मध्ये ‘द क्यूब’ हे तितकेच चाकोरीबाहेरचे दूरचित्रवाणी नाट्य आले. पुढे ‘सेसमी स्ट्रीट’मुळे हातात पुरेसा पैसा येऊ लागला तेव्हा त्यांनी जाहिरातींचे काम थांबवले. जाहिरात हे त्यांचे उत्पन्नाचे साधन होते आणि तालीमही होती. पैशासाठी केलेले काम वाईट असते हा नियम त्यांच्या बाबतीत तरी पुराव्यावर टिकत नाही.

‘सेसमी स्ट्रीट’ 10 नोव्हेंबर 1969 रोजी सुरू झाला. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी उभारलेल्या या उपक्रमाचा हेतू स्पष्ट होता: शाळेत जाण्याआधीच मागे पडणाऱ्या मुलांपर्यंत अक्षरे आणि आकडे पोहोचवायचे. सल्लागार तज्ज्ञांचे म्हणणे होते की खरी माणसे आणि काल्पनिक पात्रे एकाच दृश्यात आणू नयेत, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून जुलै 1969 मध्ये फिलाडेल्फियात दाखवलेल्या चाचणी भागांत रस्त्यावरची दृश्ये फक्त माणसांची होती आणि बाहुल्या वेगळ्या. निष्कर्ष असा निघाला की बाहुल्या असेपर्यंत मुले पाहत, माणसांचा रस्ता आला की लक्ष उडे. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून बिग बर्ड आणि ऑस्कर ही बाहुली-पात्रे रस्त्यावर राहायला आली. बिग बर्डच्या आत कॅरोल स्पिनी असत. एक हात डोक्यावर ताठ, तोच पक्ष्याची मान आणि चोच, आणि छातीला बांधलेल्या छोट्या पडद्यावर बाहेरचे दृश्य. या चाचण्यांनी हेन्सन यांच्या पद्धतीला बाहेरून पहिला ठोस पुरावा दिला. आडोसा नसलेली, माणसाच्या शेजारी उभी राहणारी, नजर देणारी बाहुली मुलांना फसवत नव्हती, ती त्यांना त्या रस्त्यावर बोलावत होती. या विश्वासाची सर्वांत अवघड कसोटी 1983 मध्ये लागली. दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली वारले होते. निर्मात्यांनी पात्राला गावाला पाठवले नाही. मृत्यू म्हणजे काय, गेलेला माणूस परत का येत नाही, हे मोठ्या माणसांनी बिग बर्डला समजावून सांगितले. तो प्रश्न विचारायला पिसांचा पोशाख घातलेले एक पात्र पुरेसे ठरले, कारण त्याचे न समजणे लक्षावधी घरांतल्या मुलांना आपले वाटत होते.

या यशाने दुसरा आक्षेप जन्माला घातला, आणि तो हेन्सन यांना स्वतःलाही बोचत होता: बाहुल्या म्हणजे पोरांचा खेळ हा शिक्का त्यांनीच पक्का केला. याला उत्तर त्यांच्या पुढच्या दहा वर्षांनी दिले. 1975 मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या पहिल्या हंगामात त्यांनी प्रौढांसाठी बाहुल्या आणल्या. तो प्रयोग फसला, कारण संहिता बाहुली न समजणाऱ्या लेखकांच्या हातात होती. अमेरिकन वाहिन्यांनी प्रौढ प्रेक्षकांच्या वेळेत बाहुल्यांना जागा द्यायला नकार दिला. तेव्हा इंग्लंडमधल्या लू ग्रेड यांनी पैसा आणि लंडनजवळचा एल्स्ट्री स्टुडिओ देऊ केला. 1976 ते 1981 या काळात तिथे ‘द मपेट शो’चे 120 भाग झाले. शंभराहून अधिक देशांत तो पोहोचला, आणि आठवड्याला साडेतेवीस कोटी प्रेक्षक असा त्या वेळचा अंदाज सांगितला जातो. रुडॉल्फ नुरेयेव्हसारखा नर्तक एका डुकरिणीबरोबर नाचायला आला, त्यानंतर पाहुण्यांची वाण पडली नाही. कार्यक्रमाचा विषय पाहिला तर तो लहान मुलांचा नाहीच. एक मोडकळीस आलेले नाट्यगृह, रोजचा प्रयोग कसाबसा उभा करणारा व्यवस्थापक, मानासाठी जीव टाकणारी नायिका, टाळ्या न मिळणारा विनोदवीर, सज्जात बसून टोमणे मारणारे दोन म्हातारे. कलावंतांच्या धडपडीची ही गोष्ट प्रौढ अनुभवातून आलेली आहे. मुले ती पाहत होती हे खरे, पण मोठ्यांनाही ती तितकीच लागू होती. मुलांना समजेल आणि मोठ्यांना पुरेल असे लिहिणे हे बालिशपणाचे लक्षण मानता येत नाही. ते अधिक अवघड काम आहे.

स्टुडिओत आडोसा काढून टाकणे एक, आणि मोकळ्या जगात तो काढणे दुसरे. 1979 च्या ‘द मपेट मूव्ही’त कर्मिट दलदलीतल्या ओंडक्यावर बसून बँजो वाजवतो. चौफेर पाणी, लपायला जागा नाही. त्या दृश्यासाठी हेन्सन पाण्याखाली बुडवलेल्या एका बंद टाकीत बसले, हवा नळीतून येत होती, हात रबरी बाहीतून वर आणि समोर मॉनिटर. 1981 मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘द ग्रेट मपेट केपर’मध्ये लंडनच्या बागेत त्यांची पात्रे सायकली चालवतात. तिथे क्रेनवरून सोडलेल्या दोऱ्या कामी आल्या, म्हणजे सर्वांत जुनी कळसूत्री युक्तीच नव्या जागी वापरली गेली. या दृश्यांचे कौतुक नेहमी करामत म्हणून होते. त्यांचा हेतू वेगळा होता. पाय दिसले, सायकल चालली, पाण्यात प्रतिबिंब पडले की प्रेक्षक हात कुठे आहे हे शोधणे सोडतो, आणि गोष्ट ऐकू लागतो. कष्ट एवढ्यासाठीच घ्यायचे की ते कुणाच्या लक्षात येऊ नयेत. 1980 मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधला योडा फ्रँक ऑझ यांनी जिवंत केला. ऑझ हे हेन्सन यांचे सर्वांत जवळचे सहकारी. बाहुली गंभीर चित्रपटाचा नैतिक भार पेलू शकते हे त्यानंतर सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

तरीही या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाकांक्षी टप्पाच सर्वांत वादग्रस्त आहे. 1982 चा ‘द डार्क क्रिस्टल’ हेन्सन आणि ऑझ यांनी मिळून दिग्दर्शित केला. चित्रकार ब्रायन फ्राउड यांच्या रेखाटनांवरून एक अख्खे जग उभे केले आणि पडद्यावर एकही माणूस ठेवला नाही. 1986 च्या ‘लॅबिरिंथ’वर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याच्या जवळपास निम्मीच कमाई झाली. हे अपयश हेन्सन यांच्या जिव्हारी लागले. टीकाकार म्हणतात, इथे हेन्सन यंत्रांच्या मोहात पडले आणि स्वतःचेच तत्त्व विसरले. या टीकेत तथ्य आहे. ‘लॅबिरिंथ’मधला हॉगल घ्या. पोशाखाच्या आत एक अभिनेत्री, आणि चेहऱ्यातल्या मोटारी दुरून चालवणारे चार जण. भुवई एकाकडे, ओठ दुसऱ्याकडे. कर्मिटच्या चेहऱ्यावर जी आठी एका मुठीतून, विचार येताक्षणी उमटते, ती इथे पाच जणांच्या सहमतीनंतर उमटते. तालमीने ती अचूक होते, पण तिच्यातला उत्स्फूर्तपणा कमी होतो. मात्र टीकाकार पुढचा भाग सोडून देतात. हेन्सन यांच्या कार्यशाळेने या अडचणीवरच काम केले आणि अशी नियंत्रण प्रणाली बनवली की एकाच माणसाने एका हातमोज्यासारख्या साधनात हात घालून अनेक मोटारी एकत्र चालवाव्यात. म्हणजे विखुरलेला चेहरा पुन्हा एका मनाच्या ताब्यात आला. हेन्सन यांच्या मृत्यूनंतर या प्रणालीला अमेरिकन चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. 1989 च्या ‘द जिम हेन्सन अवर’मधला वाल्डो तर संगणकातच जन्मला, पण त्यालाही बाहुलीकाराचा हात त्याच क्षणी हलवत होता. चित्रे एकेक करून रचण्याऐवजी अभिनय टिपून घ्यायचा, ही आज चित्रपटसृष्टीत रुळलेली कल्पना त्या ओबडधोबड पात्रात दिसते. अपयशातून हेन्सन मागे फिरले नाहीत. त्यांनी हाताची जागा परत मिळवली.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. हे सारे एका माणसाच्या नावावर जमा करणे बरोबर आहे का? जेन नेबेल यांचा वाटा पायाभरणीचा होता. डॉन साहलिन यांनी चेहऱ्यांना नजर दिली, बॉनी एरिक्सन यांनी मिस पिगी ही डुकरीण घडवली, फ्रँक ऑझ यांनी तिला मन दिले, जेरी ज्युल यांनी संहितांना आकार दिला. हे सगळे मान्य करूनच हेन्सन यांचे वेगळेपण सांगता येते. त्यांच्या बाहुल्यांपैकी अनेक एका माणसाच्या नसतातच. एकजण उजव्या हाताने तोंड आणि डाव्या हाताने पात्राचा डावा हात सांभाळतो, पात्राचा उजवा हात शेजारी चिकटून उभा असलेला दुसरा बाहुलीकार हलवतो. ‘द मपेट शो’मधल्या स्वीडिश शेफचे तोंड आणि आवाज हेन्सन यांचे, तर दोन्ही हात ऑझ यांचे. दोन माणसांना एका देहात राहायचे असेल तर एकाने दुसऱ्याच्या श्वासावर भरवसा ठेवावा लागतो. नवे शिकाऊ याच उजव्या हातापासून सुरुवात करत, आणि मुख्य कलावंताच्या अंगाला अंग लावून कला शिकत. गुरूच्या मागे बसून झील धरणाऱ्या शिष्याला जे मिळते तेच त्यांना मिळत होते. ही पद्धत हेन्सन यांनी घडवली, ते स्वतःही दुसऱ्यांचा उजवा हात झाले, आणि म्हणूनच 16 मे 1990 रोजी वयाच्या अवघ्या 53 व्या वर्षी जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा पात्रे अनाथ झाली नाहीत. कर्मिटला दुसरा हात मिळाला. एका माणसापुरती प्रतिभा त्याच्याबरोबर संपते. पद्धत झाली की ती पुढे जाते.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. 1993 नंतर संगणकीय प्राण्यांनी पडदा व्यापला, तेव्हा हा सगळा खटाटोप इतिहासजमा झाला नाही का? काही अंशी झाला. प्रचंड कळप, उडते ड्रॅगन, कोसळणारी शहरे ही कामे आता संगणकाचीच आहेत. पण 2019 मध्ये ‘द डार्क क्रिस्टल’च्या जगावर दहा भागांची नवी मालिका आली ती मुख्यतः बाहुल्यांनीच उभी केली होती, आणि त्याच वर्षी ‘द मँडलोरियन’मधल्या ज्या छोट्या हिरव्या पात्राने जग जिंकले तेही प्रामुख्याने बाहुलीच होते. कारण व्यवहारातले आहे. समोर खरी वस्तू असली की नट तिच्याकडे पाहतो, प्रकाश तिच्यावर खरा पडतो, आणि आतला माणूस नटाच्या अनपेक्षित विरामाला त्याच क्षणी उत्तर देतो.

महाराष्ट्राला या आढाव्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, कारण आपल्याकडे कच्चा माल आणि कौशल्य दोन्ही आहेत. यशवंत केशव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव रामदास पाध्ये यांनी पुढे नेला, आणि 1993 च्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू मराठी प्रेक्षकाच्या कायमचा लक्षात राहिला. बाहुली मोठ्या पडद्यावर भीती आणि हसू एकत्र निर्माण करू शकते हे त्याने दाखवले. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा ठाकर समाज कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपतो आहे, त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्रीही मिळाली. ‘सेसमी स्ट्रीट’ची भारतीय आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ 2006 मध्ये आली आणि शाळेचा गणवेश घातलेली चमकी तिने दिली. तरीही मराठी वाहिन्यांवर लहानांसाठी किंवा मोठ्यांसाठी बाहुलीला नियमित जागा नाही. पिंगुळीचा खेळ कॅमेऱ्याने दुरून टिपला की त्याची नोंद होते, पण तो कॅमेऱ्याचा होत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यामागच्या माणसाने आणि सूत्रधाराने एकत्र बसून चौकट नव्याने आखावी लागेल, तरुणांना काही वर्षे कुणाचा तरी उजवा हात म्हणून शिकता येईल अशी सोय करावी लागेल, आणि त्या वर्षांचा खर्च कुणीतरी उचलावा लागेल. हेन्सन यांनी 1982 मध्ये इतर बाहुलीकारांना अनुदान देणारा न्यास स्थापन केला, तो आजही काम करतो. मराठी वाहिन्या, नाट्यसंस्था आणि सांस्कृतिक खाते यांनी मिळून असा एक न्यास उभारावा. कलावंत आपल्याकडे आहेत, त्यांना चौकट देणे आपल्या हातात आहे.